मेंढी व लोकर-उत्पादनाचे विद्यापीठीय शिक्षण : मराठवाड्यातील मेंढपाळास त्याचा उपयोग

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वैजापूर, गंगापूर व पैठण या तालुक्यांत पाऊस मुळातच बेताचा, आणि तोही भरवशाचा नव्हे. अशा प्रदेशात नांगराखाली आणून फारसा लाभ होत नाही अशी जमीन पुष्कळ असते. बांध, पडीत, ओढ्याकाठचे तुकडे आणि काढणीनंतर मोकळी झालेली राने यांवरील खुरट्या गवताचे व पाल्याचे मांसात, लोकरीत व खतात रूपांतर करणारे जनावर म्हणजे मेंढी होय. पीक निघाल्यावर शेतात मेंढ्या बसविण्याची चाल येथील शेतकऱ्यांस नवी नाही. रात्रभर वाघरीत कोंडलेला शेदोनशे मेंढ्यांचा कळप सकाळी उठतो, तेव्हा लेंडीखत व मूत्र जागच्या जागी जमिनीस मिळालेले असते. त्याबद्दल मेंढपाळास धान्य किंवा रोख रक्कम मिळते, आणि शेतकऱ्याचा खत वाहून नेण्याचा खर्च वाचतो.

हा धंदा आजवर शाळेवाचून चालत आला आहे. दोनशे मेंढ्यांतील प्रत्येक मेंढी चेहऱ्यावरून ओळखणे, कोणते कोकरू कोणत्या आईचे हे रात्रीच्या अंधारात आवाजावरून सांगणे, कोणत्या रानात कोणत्या महिन्यात उतरावे व कोठून लवकर निघावे हे जाणणे, हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात संपूर्णपणे सापडणार नाही. मग मेंढपाळाच्या मुलाने अथवा मुलीने मेंढ्यांचाच अभ्यास करण्यासाठी पाचसहा वर्षे घराबाहेर राहावे, त्यासाठी वाड्यावरील एक राखणदार कमी करावा, आणि तेथे काय शिकावे, हा प्रश्न रास्त आहे. धनगर समाजातील अनेक कुटुंबांपुढे तो प्रत्यक्ष उभा आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी ज्या वस्तूच्या नावाने हा विषय ओळखला जातो त्या लोकरीची आजची स्थिती पाहणे अवश्य आहे.

लोकरीची आजची किंमत

भारतात २०१९ च्या पशुगणनेनुसार सुमारे ७ कोटी ४३ लक्ष मेंढ्या होत्या. महाराष्ट्राचा वाटा सुमारे २७ लक्ष इतका होता. देशाचे लोकर-उत्पादन २०१४-१५ साली सुमारे ४ कोटी ८१ लक्ष किलोग्रॅम होते. २०२२-२३ साली ते सुमारे ३ कोटी ३६ लक्ष किलोग्रॅमवर आले. त्यातील निम्म्याच्या जवळपास लोकर एकट्या राजस्थानात निघते. मेंढ्यांची संख्या घटली नसता लोकर घटावी, याचा अर्थ मेंढपाळाने आपले लक्ष लोकरीवरून काढून मांसाकडे वळविले आहे, असाच करावा लागतो.

आपल्या भागातील दख्खनी मेंढी वर्षातून दोनदा कातरली जाते व दोन्ही कातरणींची मिळून साधारणपणे अर्धा किलोग्रॅमच्या आसपास लोकर देते. ही लोकर बहुतांशी काळी किंवा करडी, जाडीभरडी आणि केसाळ असते. तिच्यापासून घोंगडी विणतात. सूत मेंढपाळांच्या घरांतील स्त्रिया चरख्यावर काढीत. विणकर त्या सुताच्या ताण्यास चिंचोक्याची खळ देऊन मागावर घोंगडी विणी. ऊन, वारा व पाऊस या तिन्हींस पुरे पडणारे असे दुसरे स्वस्त पांघरूण खेड्यात नव्हते. गिरणीची ब्लँकेटे व पुढे कृत्रिम धाग्याची पांघरुणे आल्यावर घोंगडीची मागणी आटली, आणि घोंगडीबरोबर काळ्या लोकरीची. आज पुष्कळ ठिकाणी कातरणीचा खर्चही लोकरीतून निघत नाही. तरीही कातरणे भाग पडते, कारण अंगावर लोकर वाढू दिली तर मेंढीस उन्हाळ्यात त्रास होतो, पावसाळ्यात ती भिजून जड होते आणि गोचिडांना आश्रय मिळतो.

काही मेंढपाळांनी यावर आपला उपाय स्वतःच शोधला आहे. सांगली जिल्ह्यातील जत भागाच्या माडग्याळ जातीचे मेंढे ते कळपात आणतात. माडग्याळ मेंढी अंगाने मोठी असून तिच्या अंगावर लोकर जवळजवळ नसते. त्यामुळे कातरणीचा प्रश्नच उरत नाही व वजन अधिक मिळते. हा उपाय वरवर बिनतोड दिसतो. परंतु हलक्या रानावर रोज मैलोगणती चालून, अपुऱ्या चाऱ्यावर तग धरून वेळेवर विणारी दख्खनी मेंढी कळपातून एकदा नाहीशी झाली म्हणजे ती परत कोठून आणावयाची, याचा हिशेब फारसा कोणी करीत नाही. असा हिशेब करण्यास शिकविणे हेच विद्यापीठीय शिक्षणाचे पहिले काम आहे.

हे शिक्षण कोठे मिळते

मेंढी व लोकर या विषयाची स्वतंत्र पदवी महाराष्ट्रात नाही, हे आरंभीच सांगणे बरे. हा विषय पशुवैद्यक व पशुसंवर्धन या पदवी-अभ्यासक्रमाचा एक भाग म्हणून शिकविला जातो. मराठवाड्यातील विद्यार्थ्यास त्यासाठी पूर्वी फार दूर जावे लागे; मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ चे, नागपूरचे १९५८ चे. परभणी येथे १९७२ साली मराठवाडा कृषि विद्यापीठ स्थापन झाले व त्याच वर्षी तेथे पशुवैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. ते वर्ष महाराष्ट्रातील मोठ्या दुष्काळाचे होते, आणि चाऱ्यापाण्यावाचून जनावरे कशी जगवावीत हा प्रश्न तेव्हा पुस्तकात शोधण्याची गरज नव्हती. पुढे १९८७ साली लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे दुसरे महाविद्यालय निघाले. ही दोन्ही महाविद्यालये आता नागपूर येथील महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत आहेत. त्या विद्यापीठाची स्थापना २००० साली झाली. परभणीच्या कृषि विद्यापीठास २०१३ पासून वसंतराव नाईक यांचे नाव असून, त्याच्या चार वर्षांच्या कृषि पदवीत पशुसंवर्धनाचा भाग असतो, पण तो अर्थातच थोडका.

छत्रपती संभाजीनगर शहरात मेंढीविषयक पदवी-शिक्षण नाही. तथापि शहरालगत पडेगाव येथे पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचे प्रक्षेत्र आहे, आणि पैठण रस्त्यावर कृषि विद्यापीठाचे कृषि विज्ञान केंद्र आहे. महाविद्यालयाची पायरी ज्यास चढावयाची आहे त्याने अगोदर पडेगावचा कळप एकदा पाहून यावा. नोंदवही ठेवून पाळलेला कळप व स्मरणावर पाळलेला कळप यांतील अंतर तेथे डोळ्यांनी दिसते.

पुढील संशोधनाची मोठी जागा म्हणजे राजस्थानातील अविकानगर येथील केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था होय. ती १९६२ साली सुरू झाली. महाराष्ट्रात राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठात दख्खनी मेंढीच्या सुधारणेचे काम चालत आले आहे, तर लोकरीच्या धाग्याचे व कापडाचे शास्त्र ठाणे येथील वूल रिसर्च असोसिएशन या संस्थेत अभ्यासिले जाते. परदेशी ऑस्ट्रेलियातील आर्मिडेल येथील न्यू इंग्लंड विद्यापीठ या विषयासाठी प्रसिद्ध आहे.

लोकरीचे शास्त्र

लोकर म्हणजे केराटिन नावाच्या प्रथिनाचा तंतू. या प्रथिनात गंधकयुक्त घटक पुष्कळ असतो; म्हणूनच लोकर जाळली असता जळक्या केसांचा वास येतो आणि ती सुतासारखी भडकत नाही. विद्यार्थ्यास प्रथम मेंढीच्या कातडीचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली दाखवितात. कातडीत दोन प्रकारचे रोमकूप दिसतात. प्राथमिक रोमकूप गर्भात आधी तयार होतात व त्यांतून बहुधा जाड तंतू निघतात. दुय्यम रोमकूप गर्भाच्या शेवटच्या काळात तयार होतात आणि त्यांतून बारीक तंतू येतात. मेरिनो मेंढीत एका प्राथमिक रोमकूपामागे वीस किंवा त्याहून अधिक दुय्यम रोमकूप असू शकतात. जाड लोकरीच्या जातींत हे प्रमाण दोनचारांवरच थांबते. दख्खनी मेंढीस कितीही पेंड चारली तरी तिची लोकर मेरिनोसारखी का होत नाही, हे येथे कळते. लोकरीचा पोत गर्भातच बऱ्याच अंशी ठरून जातो. त्याचबरोबर हेही कळते की, गाभण मेंढीची शेवटच्या दीड महिन्यात उपासमार झाली तर कोकराच्या दुय्यम रोमकूपांची वाढ खुंटते व ती उणीव त्या जनावराच्या उभ्या आयुष्यात भरून निघत नाही.

तंतूची जाडी मायक्रॉन या मापात मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. अंगावर घालण्याच्या उंची कापडास सुमारे २५ मायक्रॉनच्या आतील लोकर लागते, आणि मेरिनोची लोकर साधारणपणे १८ ते २४ मायक्रॉनची असते. गालिच्यास सुमारे ३० ते ४० मायक्रॉनची, चिवट व दाबून पुन्हा वर येणारी लोकर चांगली; बिकानेर भागातील लोकर या कामी नावाजलेली आहे. दख्खनी लोकर बहुधा ४० मायक्रॉनच्याही पलीकडे जाते. शिवाय तिच्यातील पुष्कळसे तंतू आतून पोकळ असतात. अशा पोकळ तंतूवर रंग नीट चढत नाही; आणि जी लोकर मुळातच काळी, तिला हवा तो रंग देता येत नाहीच. गालिच्याच्या व्यापाऱ्याने दख्खनी लोकर का नाकारावी, याचे कारण त्याच्या लहरीत नसून तंतूच्या रचनेत आहे. हे न उमगल्यामुळेच भाव पाडला जातो अशी समजूत अनेकांची होते.

त्यानंतर प्रतवारी. मेंढीच्या खांद्याची लोकर सर्वांत चांगली, मांड्यांची जाड, पोटाची आखूड व मळकट. नमुना घेताना तो बरगडीच्या मध्यभागावरून घेतात, म्हणजे सर्व अंगाच्या लोकरीचा सरासरी अंदाज येतो. नमुन्याचे वजन करून तो साबण व सोड्याच्या कोमट पाण्यात धुतात, वाळवितात आणि पुन्हा तोलतात. त्यातून माती, घाम व लोकरीची चरबी किती होती ते कळते. या चरबीपासून शुद्ध केलेले लॅनोलिन मलमात व सौंदर्यप्रसाधनांत वापरतात. कातरणीपूर्वी मेंढ्या ओढ्यात धुवून कोरड्या जागी उभ्या करण्याची जुनी रीत याच हिशेबाने योग्य होती. आळसामुळे ती सोडली जाते तेथे मातीच्या वजनाची लोकर विकली जाते व गिऱ्हाईक पुढच्या खेपेस भाव तोडून मागते.

या अभ्यासातील एक गोष्ट मराठवाड्यातील विद्यार्थ्यास विशेष पटते. दुष्काळात अथवा आजारपणात मेंढीचा आहार तुटला म्हणजे त्या आठवड्यांत वाढलेला तंतूचा भाग बारीक राहतो. पुढे चांगला चारा मिळाला तर तंतू पुन्हा जाड होतो. पण ताणून पाहिला असता नेमका त्या बारीक ठिकाणी तुटतो. कातरलेल्या बटेचा कोणता भाग तुटतो यावरून मेंढीवर संकट केव्हा आले ते महिन्याच्या अंदाजाने सांगता येते. कळपाची नोंदवही ज्याने ठेवली नाही त्याची नोंद मेंढीने आपल्या अंगावर ठेवलेली असते, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

पैदाशीचे शास्त्र व त्यातून मिळालेला धडा

विसाव्या शतकात जाड लोकरीस बारीक करण्याचा राजमार्ग म्हणून संकराकडे पाहिले गेले. मेरिनो व राम्बुये या परदेशी जातींचे मेंढे आणून देशी मेंढ्यांवर सोडण्याचे कार्यक्रम देशात अनेक राज्यांत झाले. अविकानगर येथे अविकालीन व भारत मेरिनो या संकरित जाती तयार करण्यात आल्या. दख्खनी मेंढीवरही असे प्रयोग झाले. प्रक्षेत्रावर, गोठ्यात व पुरेशा खुराकावर संकरित मेंढीची लोकर पांढरी, बारीक व अधिक निघाली, यात शंका नाही. पण मेंढपाळाच्या कळपात चित्र पालटले. दिवसभराची चाल, उन्हाळ्यातील पाण्याची टंचाई आणि पावसाळ्यातील चिखल या संकरित जनावरांना मानवला नाही. शिवाय घोंगडी विणणाऱ्यास काळी व चिवट लोकर हवी होती; थोडीथोडी पांढरी बारीक लोकर खेडोपाडी गोळा करून गिरणीपर्यंत नेणारा व्यापार येथे उभा नव्हता. म्हणजे जनावर बदलले, बाजार बदलला नाही. हा अनुभव आज वर्गात शिकविला जातो तो योग्यच आहे, कारण माडग्याळच्या बाबतीत आज मेंढपाळ जे करीत आहेत त्याचीही परीक्षा याच कसोटीवर व्हावयास हवी.

पैदाशीच्या अभ्यासात अनुवंशक्षमता ही कल्पना फार महत्त्वाची आहे. एखाद्या गुणातील फरकापैकी किती भाग रक्तातून येतो व किती भाग चारापाण्यातून, हे ती सांगते. लोकरीचे वजन व तंतूची जाडी यांची अनुवंशक्षमता बरीच असते. म्हणून चांगल्या मेंढ्यांची निवड करीत गेल्यास चारदोन पिढ्यांत फरक दिसतो. उलट एका वेतात किती कोकरे होतात या गुणाची अनुवंशक्षमता अत्यल्प आहे. जुळी देणाऱ्या मेंढीची मुलगी जुळी देईलच असे नाही. ज्या गुणावर मांसासाठी पाळलेल्या कळपाचे उत्पन्न सर्वांत अधिक अवलंबून आहे, तोच गुण निवडीने सर्वांत सावकाश सुधारतो, ही अडचण होती.

तिच्यावरील तोड सातारा जिल्ह्यातील फलटण येथे निघाली. तेथील निंबकर कृषि संशोधन संस्थेने बंगालच्या सुंदरबनातील गारोळ जातीची मेंढी आणली. गारोळ मेंढी अंगाने अगदी लहान, पण एका वेतात दोनतीन कोकरे देणारी. ऑस्ट्रेलियातील बुरूला मेरिनो मेंढीतही असाच गुण होता; त्यामागे एकच प्रभावी जनुक आहे, हे कळले होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून ऑस्ट्रेलियात गेलेल्या मेंढ्यांबरोबर तो जनुक तिकडे पोचला असावा, असे शास्त्रज्ञ मानतात. २००१ साली या जनुकातील नेमका बदल सापडला, आणि रक्ताचा थेंब तपासून एखादे कोकरू हा जनुक घेऊन जन्मले आहे की नाही हे सांगणे शक्य झाले. फलटणच्या संस्थेने न्यू इंग्लंड विद्यापीठ व पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा यांच्या सहकार्याने हा जनुक दख्खनी मेंढीत उतरविला आणि पिढ्यानुपिढ्या दख्खनी व इतर मोठ्या जातींशी संकर करून अंगाचा लहानपणा काढून टाकला. त्यातून नारी सुवर्णा ही मेंढी तयार झाली.

येथेही मेंढपाळाची शंका विचारात घेण्यासारखी आहे. फिरत्या कळपातील मेंढीस दोन कोकरे पाजण्याइतके दूध असते काय? चालत्या वाड्यात घोड्यावर किंवा खांद्यावरून किती कोकरे वाहावयाची? जुळी कोकरे जन्मतः वजनाने हलकी असतात, आणि तिसरे बहुधा हाती लागत नाही. म्हणून या मेंढीचा खरा लाभ जेथे गाभणपणाच्या शेवटच्या दीड महिन्यात व विण्यानंतर मेंढीस जादा खुराक देण्याची तयारी आहे तेथेच मिळतो. एका मुक्कामी राहून पंचवीसतीस मेंढ्या पाळणाऱ्या शेतकऱ्यास ती सोयीची. उन्हाळाभर रानोमाळ हिंडणाऱ्या कळपास एक बळकट कोकरू अधिक फायद्याचे ठरू शकते.

जनुकाच्या प्रयोगशाळेपर्यंत न जाताही या शास्त्रातून प्रत्येक कळपास आजच उपयोगी पडणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे मेंढा बदलणे. मेंढा कळपात आला की पाच महिन्यांनी त्याची पहिली कोकरे जन्मतात. त्यातील माद्या दीड वर्षाच्या झाल्या की फळण्यास येतात. म्हणजे तोच मेंढा दोन वर्षांपुढे ठेवल्यास तो आपल्याच मुलींवर जातो. अशा पैदाशीतील कोकरे वजनाने हलकी, रोगास लवकर बळी पडणारी व पुढे वांझ राहण्याचा संभव असलेली निपजतात. हे नुकसान एकदम डोळ्यांत भरत नाही. दर वर्षी दोनचार कोकरे अधिक मेली, एवढेच दिसते, आणि दोष साथीस दिला जातो. दोन कळपांतील मेंढपाळांनी दर दोन वर्षांनी आपापले मेंढे अदलाबदल केले तर एक पैसाही खर्च न होता हे टळते. पंचवीस ते तीस मेंढ्यांमागे एक मेंढा पुरे होतो. मेंढे सोडण्यापूर्वी तीनचार आठवडे मेंढ्यांस रोज पाव किलोग्रॅमपर्यंत धान्याचा भरडा दिल्यास माजावर येण्याचे व फळण्याचे प्रमाण सुधारते.

रोगांविषयी

रोगनिदानाचा अभ्यास हा पशुवैद्यकीय पदवीचा सर्वांत मोठा भाग असून त्याचा येथे विस्तार करणे शक्य नाही. पण केवळ अनुभवाने जे सुटत नाही ते शास्त्राने कसे सुटते याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. पहिल्या पावसानंतर कोवळ्या गवतावर चरणारी कळपातील सर्वांत धष्टपुष्ट कोकरे सायंकाळी ठीक असतात व सकाळी मेलेली आढळतात, हे प्रत्येक मेंढपाळाने पाहिले आहे. अशक्त कोकरू वाचते आणि गुबगुबीत मरते, म्हणून दृष्ट लागली असे मानले जाई. हा आंत्रविषार होय. कोवळा, सकस चारा एकाएकी भरपूर खाल्ल्याने आतड्यात नेहमी असणारे जंतू झपाट्याने वाढतात व विष सोडतात. जो अधिक खातो तोच आधी मरतो. पावसाळ्यापूर्वी लस टोचणे व पहिले काही दिवस कोवळ्या रानात थोडा वेळच चारणे हा त्यावर खरा उपाय आहे.

दुसरे उदाहरण नीलजिव्हा रोगाचे. भारतातील या रोगाची पहिली नोंद १९६४ साली महाराष्ट्रातच झाली. ओठ व तोंड सुजते, नाकातून स्राव येतो, खुरांवर दाह होऊन मेंढी लंगडते. पावसाळ्यात व त्यानंतर साथ येते. हा रोग एका मेंढीपासून दुसरीस स्पर्शाने लागत नाही, तर बारीक चावऱ्या माश्या तो पसरवितात. त्यामुळे आजारी मेंढी वेगळी बांधली तरी साथ थांबत नाही. दलदल व साचलेल्या पाण्यापासून कळप दूर नेणे अधिक उपयोगी पडते. या विषाणूचे उपप्रकार अनेक असल्याने एकाच उपप्रकारावरील लस पुरत नाही. म्हणून भारतात पाच उपप्रकारांविरुद्ध एकत्रित लस तयार करण्यात आली आहे.

शिक्षणातील उणीव

विद्यापीठात सर्व काही मिळते असे मानणे भ्रामक ठरेल. पशुवैद्यकीय पदवीत गाय, म्हैस व कोंबडी यांना जेवढी जागा आहे तेवढी मेंढीस नाही, आणि लोकरीस त्याहून कमी. बंदिस्त जनावरांच्या आहाराचे कोष्टक विद्यार्थ्यास तोंडपाठ असते. पण पंचवीस प्रकारच्या झाडपाल्यावर चरत रोज नव्या रानात जाणाऱ्या कळपाने दिवसाकाठी काय खाल्ले, हे त्यास सांगता येत नाही. धनगराच्या घरातून आलेला विद्यार्थी येथे इतरांच्या पुढे असतो. कोणते झुडूप मेंढी आधी खाते, कोणत्या पाल्याने पोट फुगते, कोणत्या रानात पावसाळ्यात खूर सडतात, हे त्याने लहानपणापासून पाहिलेले असते. तेच निरीक्षण त्याने तारखेनिशी, वजनानिशी व झाडाच्या नावानिशी लिहून काढले तर तो पदव्युत्तर प्रबंधाचा विषय होईल. आजवर असे लेखन थोडे झाले आहे, कारण कळप जाणणारे लिहीत नव्हते आणि लिहिणारे कळपामागून चालत नव्हते.

लोकरीच्या नव्या उपयोगांबाबतही काम पुष्कळ उरले आहे. शुद्ध लोकरीत वजनाच्या सुमारे सोळा टक्के नत्र असते व ते जमिनीत सावकाश सुटते. अविकानगर येथे टाकाऊ लोकरीच्या खताचा अभ्यास झाला आहे. जी काळी लोकर आज कातरून उकिरड्यावर जाते ती मोसंबी व डाळिंबाच्या आळ्यात ओलावा धरून ठेवण्यास व नत्र पुरविण्यास कितपत उपयोगी पडेल, हे मराठवाड्याच्या जमिनीत पाहण्यासारखे आहे. नमद्यासारखे दाबलेले जाड कापड, उष्णता अडविणारे अस्तर, आणि अर्थात चांगल्या विणीची घोंगडी, यांस गिऱ्हाईक मिळविण्याचे काम शास्त्राइतकेच व्यापाराचे आहे.

प्रवेशाविषयी

पशुवैद्यकीय पदवीचा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा असून त्यातील शेवटचे एक वर्ष प्रत्यक्ष कामाचे असते. प्रवेशासाठी बारावीस भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय आवश्यक आहेत आणि नीट ही राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते. राज्यातील पंधरा टक्के जागा अखिल भारतीय यादीतून भरल्या जातात. उरलेल्यांत भटक्या जमाती ‘क’ प्रवर्गास साडेतीन टक्के आरक्षण आहे. खरी अडचण परीक्षेच्या पुष्कळ आधी येते. दिवाळीनंतर वाडा हलला की मुलाची शाळा सुटते, आणि आठवीनववीत सुटलेली शाळा बारावी विज्ञानापर्यंत क्वचितच पोचते. यास्तव आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात मुलास ठेवण्याचा निर्णय कुटुंबाने पाचवीच्या सुमारासच घेणे इष्ट असते. जातीचे प्रमाणपत्र व त्याची पडताळणी यांस वेळ लागतो. ही कागदपत्रे दहावीनंतर लगेच करून घ्यावीत, प्रवेशाच्या आठवड्यात ती मिळत नाहीत. पदवीनंतर पशुधन-उत्पादन व्यवस्थापन किंवा पशु-अनुवंशशास्त्र या विषयांत दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी घेता येते, आणि मेंढीचा खास अभ्यास बहुधा तेथेच करावयास मिळतो.

ज्यास एवढा काळ देता येत नाही, त्याच्यासाठी महामंडळाची व कृषि विज्ञान केंद्राची अल्प मुदतीची प्रशिक्षणे आहेत. राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेखाली वीस मेंढ्या व एक मेंढा असा कळप पंचाहत्तर टक्के अनुदानावर देण्याची तरतूद २०१७ पासून करण्यात आली. अशा कळपाचा मालक प्रशिक्षण घेतलेला असेल, तर मेंढी केव्हा फळली, केव्हा व्याली, कोकराचे जन्मवजन किती व लस कोणत्या तारखेस टोचली, या चार रकान्यांची वही त्याने पहिल्या दिवसापासून ठेवावी. वही पावसात भिजू नये म्हणून ती प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवून वाड्यातील धान्याच्या पोत्यात खोचतात.